न आपटणारं दार

मिस्त्रींच्या घरातलं मधलं दार कधी आपटत नसे, आणि सरकारची नेमकी तीच अडचण होती.

हे दार म्हणजे पुढचं वर्कशॉप आणि मागचं घर यांच्यातली हद्द. पुढे बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, ग्राइंडर, लोखंडाचा कीस आणि मिस्त्री. मागे स्वयंपाकघर, एक खोली आणि त्या खोलीत दिवसभर झोपणारी त्यांची बायको. ती इस्पितळात नर्स होती आणि रात्रपाळी तिनं आपणहून कायमची मागून घेतली होती, कारण रात्री मेट्रन नसते. सकाळी घरी यायचं, चहा प्यायचा, नवऱ्याला दिवसभराची कामं नेमून द्यायची आणि आडवं व्हायचं, असा तिचा क्रम होता.

तिची झोप हा एक अजब प्रकार होता. पलीकडे ग्राइंडर किंचाळत असला तरी ती खुशाल घोरायची. ऐरणीवर हातोडा पडायला लागला की फार तर कूस बदलायची. पण दार आपटलं, की ताडकन उठून, डोळे मिटलेले तसेच ठेवून, पायानं चपला चाचपायला लागायची. वॉर्डात दार आपटलं म्हणजे कोणीतरी धावत आलंय, आणि कोणी धावत आलंय म्हणजे आपणही धावायचं, हे इतक्या वर्षांत तिच्या हाडात मुरलं होतं. घरात दार वाऱ्यानं आपटतं, ही गोष्ट तिच्या डोक्याला पटली होती. पायांना पटली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ती कितीतरी वेळा रस्त्यापर्यंत जाऊन परत आली.

म्हणून मिस्त्रींनी ते यंत्र केलं. एक पितळी नळी, आत दट्ट्या, दट्ट्याला चामड्याचा वायसर, आणि हवा हळूहळू बाहेर सोडणारं एक बारीकसं भोक. सायकलचा पंप उलटा वापरला तर काय होईल, तसं काहीतरी. तेल नाही, वीज नाही, गळायला काही नाही. दार कितीही जोरात ढकला, चौकटीपासून चार बोटांवर आलं की ते दमानं घ्यायचं आणि उशिरा घरी आलेल्या नवऱ्यासारखं आत शिरायचं. हे जमायला त्यांना दोन वर्षं लागली. जमलं तेव्हा बायको सलग संध्याकाळपर्यंत झोपली आणि उठल्यावर म्हणाली, "आज काय, काम नव्हतं वाटतं?" मिस्त्रींच्या आयुष्यातली ही सर्वात मोठी शाबासकी होती.

पण शाबासकीवर वर्कशॉप चालत नाही. लोक आता बिजागऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून, तयार, स्क्रूसकट विकत घेत. मिस्त्रींकडे येत ते फक्त खोक्यातली बिजागरी मोडल्यावर, आणि तेही 'जरा बघता का' म्हणत. 'जरा बघण्या'चे पैसे मागायची मिस्त्रींना लाज वाटायची.

अशा वेळी मेव्हण्यानं माणुसकी दाखवली. बायकोच्या या थोरल्या भावाचं गाद्यांचं दुकान होतं: काचेचं, भलंमोठं, रस्त्यालगत. त्याचा जुना विक्रेता महिनाअखेरीला निवृत्त होणार होता.

"भावोजी, जागा तुमच्यासाठी धरून ठेवलीय," मेव्हणा म्हणाला. "बसून खायचं काम. गिऱ्हाईक आलं की गादीवर हात फिरवायचा आणि म्हणायचं, पाठीला आराम. बास."

"दिवसभर?"

"दिवसभर नाही हो. मध्ये जेवणाची सुट्टी आहे."

त्या रात्री मिस्त्रींना स्वप्न पडलं. त्यात ते एकामागून एक गाद्यांवर हात फिरवत होते आणि एकाही गादीला बिजागरी नव्हती.

"बघा बाई तुमचं तुम्ही," बायको म्हणाली. "दादा म्हणतो म्हणून जा असं मी म्हणत नाही. पण महिनाअखेरीपर्यंत काहीतरी दाखवा. नुसतं दार दाखवू नका."

तर दारच दाखवून काहीतरी मिळवायचं, या इराद्यानं मिस्त्री सल्लागारांकडे गेले. सल्लागार झेरॉक्सच्या दुकानाच्या वर बसत आणि लोकांना सरकारी योजना मिळवून देत. त्यांच्याकडे टाय होता. तो खुर्चीच्या पाठीला अडकवलेला असे आणि साहेबलोक येणार असले की गळ्यात येई. त्यांनी मिस्त्रींचं म्हणणं डोळे मिटून ऐकलं, आणि ज्या योजनेसाठी मिस्त्री जन्माला आले होते तिचं नाव सांगितलं: 'लघुउद्योग नवकल्पना साहाय्य योजना'. छोट्या धंदेवाल्यानं काही नवा उपाय शोधायला घेतला असेल, तर तो पुरा करायला सरकार मदत करतं.

सल्लागार दार बघायला आले. त्यांनी ते ढकललं. दार चौकटीत जाऊन बसलं. त्यांनी पुन्हा ढकललं. पुन्हा बसलं. तिसऱ्यांदा त्यांनी लाथ घातली. दारानं तीही पोटात घातली.

"वाईट झालं," सल्लागार म्हणाले.

"काय वाईट झालं?"

"अहो, हे चालतंय."

"चालायलाच केलंय."

"मिस्त्री, योजना नीट समजून घ्या. ती विकसनशील उपायांसाठी आहे. तुमचा उपाय विकसित होऊन बसलाय. पुरं झालेलं काम पुरं करायला सरकार पैसे कसे देणार? ऑडिटवाले काय म्हणतील?"

"मग आधी का नाही दिले? तेव्हा पुरं नव्हतं."

"तेव्हा तुम्ही मागितले नाहीत."

सल्लागारांनी स्टुलावर बसकण मारली आणि आवाज खाली आणला. नियमात बसायचं तर दारानं सध्या काही वेळा नीट लागावं आणि बऱ्याच वेळा आपटावं. म्हणजे समितीला दिसेल, की कल्पना आहे, तळमळ आहे, पण यश हुलकावणी देतंय. समितीला अशी माणसं फार आवडतात.

"म्हणजे मी चालणारी वस्तू बिघडवू?"

"बिघडवू नका. मागच्या टप्प्यावर न्या."

मिस्त्रींना गादीच्या दुकानाची काच आठवली, आणि ते हो म्हणाले.

हो म्हणणं सोपं होतं. दार बिघडवणं सोपं नव्हतं. बायको ड्युटीवर गेल्यावर त्यांनी हवेचं भोक मोठं केलं. दार पूर्वीपेक्षाही मऊ लागलं. त्यांनी वायसर उलटा घातला. दार किंचित कुरकुरलं आणि लागलं. तेव्हा मिस्त्रींच्या लक्षात आलं, की सगळी करामत काही नळीत नव्हती. बिजागऱ्या त्यांनीच एका खास कलानं बसवल्या होत्या, चौकटीला आतून नमद्याची मऊ पट्टी लावली होती, कडीची जीभ घासून गुळगुळीत केली होती. दाराला चहूबाजूंनी इतकं वळण लावलं होतं, की त्याला आता वाईट वागताच येत नव्हतं.

शेवटी त्यांनी नमदा सोलून काढला, बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले केले, वायसर काढून खिशात ठेवला आणि दार सोडलं. पण ते लागायच्या आत त्यांची टाच मध्ये गेली होती. त्यांनी पुन्हा सोडलं, पुन्हा टाच. घरात कोणी झोपलेलं नव्हतं, तरी पाय ऐकेना. बायकोचे पाय आपटण्याच्या आवाजाला बांधलेले होते, नवऱ्याचे आपटण्याच्या आधीच्या शांततेला. अखेर त्यांनी स्वतःला वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि लांब काठीनं दार ढकललं. धाडकन आवाज झाला. शेजारीण खिडकीतून डोकावली.

"मिस्त्री, काय झालं हो?"

"दार आपटलं."

"तुमचं?" ती म्हणाली, आणि बराच वेळ तशीच बघत राहिली.

समितीची भेट ठरली होती दुसऱ्याच दिवशी दुपारी चारला. बायको तोवर उठून, वेणीफणी करून, भाजी आणायला बाहेर पडलेली असते. तिला या मागच्या टप्प्याबद्दल सांगायचं मिस्त्रींनी ठरवलं होतं. फक्त कधी ते ठरवलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी ती आली, चहा प्यायली, मधल्या दाराशी आली. मिस्त्री धावत पुढे झाले आणि त्यांनी दार अदबीनं हातानं उघडून, हातानं लावून दिलं.

"आज काय लाड?" आतून आवाज आला.

"सहज."

ती झोपली. आणि साडेदहाला समिती आली.

समितीला आधी दुसऱ्या एका अर्जदाराकडे जायचं होतं. त्याचं यंत्र सुरूच झालं नाही, त्यामुळे ती भेट लवकर आटोपली आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. ही बातमी सल्लागारांनीच दारात दिली. ते धापा टाकत समितीच्या पुढे पळत आले होते आणि टाय खांद्यावर गेला होता.

समितीत तीन माणसं होती. जाड चष्म्याच्या अध्यक्षबाई. कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक, जे प्रत्येक वस्तूला आधी नखानं खरवडून बघत. आणि हिशेबखात्याचे एक साहेब. साहेब आल्या आल्या बिस्किटांच्या बशीजवळच्या खुर्चीवर बसले आणि तिथून हलले नाहीत.

"बाई, चारला येता का?" मिस्त्री हळूच म्हणाले. "चारला प्रकाश चांगला असतो."

"दार प्रकाशावर चालतं?" प्राध्यापकांनी कुतूहलानं विचारलं.

"नाही, नाही," सल्लागार म्हणाले. "मिस्त्री, दाखवा. म्हणजे दाखवायचा प्रयत्न करा. समिती समजून घेईल."

मिस्त्रींनी दार उघडलं आणि सोडलं. दार सुसाट निघालं आणि अगदी शेवटच्या क्षणी अलगद लागलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, पण मिस्त्रींची टाच आत होती आणि मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी होतं.

"छान लागलं की," अध्यक्षबाई नाराजीनं म्हणाल्या.

"योगायोग," सल्लागार म्हणाले. "क्वचित होतं असं. पुन्हा, मिस्त्री."

पुन्हा टाच. पुन्हा अलगद. प्राध्यापकांनी चौकट खरवडली. अध्यक्षबाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं. सल्लागारांनी मिस्त्रींना दंडाला धरून खिडकीशी नेलं.

"तुम्हाला गाद्या विकायच्यात का?"

"ती झोपलीय आत."

"कोण?"

"आमची मंडळी. रात्रपाळी करून आलीय."

"एकदा. फक्त एकदा आपटू द्या. एका आवाजानं कोणी मरत नाही," असं म्हणून सल्लागारांनी मिस्त्रींना दंडाला धरूनच दाराशी आणलं, मागे घट्ट धरून ठेवलं आणि मोकळ्या हातानं स्वतःच दार उघडून लोटून दिलं.

दार आपटलं. दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर काढावं तसं आपटलं. चौकटीवरचा गिलावा बिस्किटांच्या बशीत पडला. अध्यक्षबाईंचा चेहरा खुलला. "हं," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

मिस्त्रींचे कान मात्र आतल्या खोलीकडे होते. आतून आधी पलंग वाजला. मग चपला. मग तेच दार पुन्हा उघडलं आणि त्यांची बायको बाहेर आली: अंगात गाऊन, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याचा बूट, डोळे पाऊण मिटलेले.

"कुठला बेड?" ती म्हणाली.

हिशेबाचे साहेब गिलावा घशात गेल्यामुळे खोकले. तेवढं पुरलं. ती थेट त्यांच्याकडे गेली, त्यांचा हात उचलला, बिस्किट काढून घेतलं आणि मनगटावर बोटं ठेवली.

"जोरात चाललीय. आडवे व्हा."

"अहो, मी हिशेब..."

"बोलायचं नाही. आडवे व्हा म्हटलं ना."

तीस वर्षांच्या नोकरीमुळे साहेबांना वरिष्ठांचा आवाज कळत असे. ते मुकाट्यानं कामाच्या बाकावर, लोखंड पकडायच्या वाइसच्या शेजारी, आडवे झाले. तिनं त्यांच्या गळ्याचं बटण सैल केलं, सल्लागारांचा टाय ओढून काढून त्यांच्या मानेखाली सारला आणि त्या गडबडीत कोपर ऐरणीला लागून ती जागी झाली.

तिनं आधी बाकावरच्या साहेबांकडे बघितलं, मग बुटाकडे, मग नवऱ्याकडे.

"अहो, हे कोण?"

"सरकार," मिस्त्री म्हणाले.

"आणि दार कसं आपटलं?"

मिस्त्रींचा हात खिशातल्या वायसरवर गेला.

"दोन वर्षांत एकदा आपटलं नाही. काल आपटलं नाही, परवा आपटलं नाही. हा माणूस दार लावायला उठतो तेव्हा घड्याळाची टिकटिक मोठी वाटते. तुम्ही काय केलंत दाराला?" हे शेवटचं तिनं समितीला उद्देशून विचारलं.

सल्लागार खाली वाकून बुटाची लेस बांधू लागले. त्यांच्या पायात चपला होत्या.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "दोन वर्षं एकदाही नाही?"

"नाही." मिस्त्रींनी खिशातून वायसर काढून बाकावर, साहेबांच्या कानाजवळ ठेवला. "हे बसवलं की नाही आपटत. मी काढून ठेवलं होतं."

"म्हणजे उपाय पूर्ण आहे."

"हो, बाई."

"अरेरे," अध्यक्षबाई मनापासून म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांना फक्त नियम होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, आणि त्या टोपणाच्या आवाजात मिस्त्रींना गाद्यांच्या दुकानाचं काचेचं दार लागल्याचं ऐकू आलं.

प्राध्यापकांना मात्र वायसर नखानं खरवडून बघितल्यावर उठवेना. आता आलोच आहोत तर काही विचारावं म्हणून ते नर्सबाईंना म्हणाले, "मग तुमच्या इस्पितळात तर याचं सोनं होईल, सिस्टर. सगळ्या वॉर्डांना अशी दारं."

"वॉर्डात? नको बाई."

"का?" हे प्राध्यापकांनी नाही, मिस्त्रींनी विचारलं.

"वॉर्डात नको म्हणजे नको. दार आपटलं की कळतं कोणी धावत आलंय. सगळी दारं अशी मुकी झाली तर आम्ही उठायचं कशावर?"

अध्यक्षबाईंनी 'उठायचं' हा शब्द ऐकला नाही असं दाखवलं.

"हे तू मला कधी बोलली नाहीस," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही घरासाठी केलं, घरात मस्त आहे. घरी कशाला कोण धावतंय?"

"पण मला वाटत होतं, पुढे मागे इस्पितळात..."

"लावा की. पण मग असं करा, नुसतं कोणी येत-जात असेल तर गुपचूप लागावं, आणि जीव घेऊन पळत कोणी आलं तर आपटावं. पेशंट झोपतील आणि आम्ही उठू."

"दाराला कसं कळणार कोण पळतंय ते?"

"ते मला काय विचारता? मी नर्स आहे. आणि मला झोप आलीय." तिनं बाकावरच्या साहेबांची नाडी पुन्हा एकदा बघितली. "तुम्ही अजून दहा मिनिटं पडा. आणि बिस्किटं कमी करा." मग ती आत गेली. जाताना तिनं दार हातानं लावलं, सगळ्यांकडे रागानं बघत.

मिस्त्री दाराकडे बघत होते. दोन वर्षं ज्याला आपण पुरं झालेलं समजत होतो, ते अर्धं निघालं होतं, आणि हे सांगितलं कोणी, तर जिच्यासाठी केलं तिनं. त्यांना फार अपमान झाल्यासारखं वाटत होतं. त्याच वेळी त्यांचा अंगठा वायसरच्या कडेवरून फिरत होता. दोन भोकं? एक झडप, जोराचा रेटा आला तरच उघडणारी? पण मग वारा आला तर? वारा आणि धावणारी नर्स, यांतला फरक पितळी नळीला कसा शिकवायचा?

"मिस्त्री," अध्यक्षबाईंनी विचारलं, "जमेल तुम्हाला असं दार?"

सल्लागारांनी मागून खूण केली. खुणेचा अर्थ नक्की काय होता हे त्यांनाही माहीत नसावं.

"माहीत नाही," मिस्त्री म्हणाले. "काहीच कळत नाहीये."

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?"

मंजुरीचा फोन महिनाअखेरीच्या आधी आला. सल्लागारांनी तो वर्कशॉपमध्ये उभं राहून, टाय लावून घेतला. दार आपटत नाही म्हणून जे मिळत नव्हतं, ते दारानं आपटायला शिकावं म्हणून मिळालं. मेव्हण्याला निरोप गेला, की भावोजी येत नाहीत. मिस्त्रींनी त्या दिवशी ग्राइंडर उगाचच थोडा वेळ चालवला.

फक्त एक अट होती. काम पुरं होईपर्यंत मधलं दार समितीनं पाहिलेल्या मूळ स्थितीत, म्हणजे आपटतं, ठेवायचं. कधीही येऊन तुलना करायची झाली तर करता आली पाहिजे. शिवाय मिस्त्रींचे प्रयोगही त्याच दारावर. पहिल्याच दिवशी दार अकरा वेळा आपटलं. बायको अकरा वेळा उठली. बाराव्यांदा ती उठली ती उशी आणि चादर घेऊनच.

"मी दादाकडे चालले."

"घरी?"

"घरी पोरं असतात त्याची. दुकानात."

त्यामुळे आता दर दुपारी मिस्त्री जेवणाचा डबा घेऊन गाद्यांच्या दुकानात जातात. नर्सबाई दर्शनी काचेमागच्या सगळ्यात मोठ्या गादीवर, किमतीच्या पाटीखाली, गाढ झोपलेल्या असतात. काचेबाहेर लोक थांबतात. एवढ्या रहदारीत एखादं माणूस इतकं निवांत झोपू शकतं, हे बघून त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि ते आत येतात. मेव्हण्यानं नवा विक्रेता नेमलाच नाही. बहिणीला उठवायचं नाही असा त्यानं दुकानात दंडकच घातलाय. सगळे भाव कुजबुजत सांगितले जातात, आणि कुजबुजत सांगितलेल्या भावाला गिऱ्हाईक फारसं कमी-जास्त करत नाही.

दुकानाचं काचेचं दार कधी आपटत नाही. घरच्या दारावरची पितळी नळी मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी उतरवून तिथे बसवली. आत येणारी काही माणसं मागे वळून दाराकडे बघतात आणि 'हे कुठं मिळतं' असं विचारतात. मेव्हणा त्यांना बोटानं मिस्त्रींकडे पाठवतो.

मिस्त्री बायको जागी होईपर्यंत गादीशेजारच्या स्टुलावर डबा मांडीवर घेऊन बसतात. मनात झडपांची जुळवाजुळव चालू असते. वाऱ्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मध्येच एखादी बाई येते, झोपलेल्या नर्सकडे बघते, वाकून हळूच विचारते, "गादी कशी आहे हो ही?"

मिस्त्री गादीच्या कडेवरून हात फिरवतात, चादर सरकली असेल तर बायकोच्या पायांवर ओढतात आणि आवाज अगदी खाली आणून सांगतात, "पाठीला आराम."